अजून काही आणू का?

राजाराम पाताडेला जेवायला वाढणं फार सोपं, असं त्याच्या बायकोचं, रुपालीचं, लग्नानंतर कित्येक वर्षं मत होतं. वाढलं तेवढं खाणारा माणूस. मीठ कमी पडलं तर बोलणार नाही, आमटी चांगली झाली तर मागणार नाही. "घ्या की अजून थोडं," म्हटलं की ताटावर आडवा हात. "नको, भरलं पोट." शेजारच्या बायका आपापल्या नवऱ्यांच्या जिभेच्या चोचल्यांच्या कहाण्या सांगायला बसल्या की रुपाली मनात म्हणायची, आपलं बरं आहे बाई.

हा आडवा हात राजाराम लहानपणी गिरगावात शिकला होता.

त्याचा जन्म लालबागच्या चाळीतला. वडील दत्तू पाताडे गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. संप सुरू झाला तेव्हा राजाराम तिसरीत होता. आज मिटेल, उद्या मिटेल करता करता घरातले डबे रिकामे होत गेले. मग एका रविवारी आईने त्याचे दोन शर्ट आणि चड्ड्या पिशवीत भरल्या आणि त्याला गिरगावात, मुगभाटातल्या पुतळामावशीकडे नेऊन सोडलं. "थोडे दिवस हंयसर रव," ती म्हणाली. त्या थोड्या दिवसांची दोन वर्षं झाली.

मावशी वाईट नव्हती. तिचीच पोरं घरभर होती आणि कमावणारा नवरा एकटा. ती सगळ्यांना सारखं वाढायची, बहिणीचा म्हणून राजारामला कमी वाढलंय असं कधी झालं नाही. वाढून झालं की विचारायचीसुद्धा, "आणखी भाकरी व्हयी काय रे, राजा?" पण विचारताना तिचा हात भाकऱ्यांच्या टोपलीवरच्या फडक्यावर असायचा, आणि तो फडकं उचलायला ठेवलेला नसायचा. दाबून धरलेला असायचा. पोराच्या हे लवकरच लक्षात आलं. "नको, भरला पोट," तो म्हणाला. मावशीने त्याच्या केसांतून हात फिरवला. "शाणो झील माझो." आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याला शहाणा म्हटलं, ते अर्धपोटी उठल्याबद्दल.

संप नेमका कधी मिटला ते अजूनही कुणाला धड सांगता येत नाही. वडील गिरणीत परत गेलेच नाहीत. राजाराम मात्र लालबागला परतला, तो मावशीकडची सवय घेऊनच. पुढे तो माझगावला एका जहाजदुरुस्तीच्या कंपनीत स्टोअरमध्ये लागला. बढतीची वेळ आली तेव्हा साहेबाने विचारलं, "पाताडे, तुझा विचार आहे का?" तर हा म्हणाला, "मी इथे बरा आहे, साहेब." त्याच्यानंतर लागलेला माणूस त्याचा साहेब झाला. लग्नानंतर तो करी रोडच्या चाळीत राहायला आला. ती चाळ पाडून टॉवर झाला, तेव्हा सोसायटीने विचारलं, पुढच्या बाजूचं घर हवं की मागच्या? "कुठलंही चालेल." मागचं मिळालं. खिडकी उघडली की हात लांब केला तर लागेल इतक्यावर दुसऱ्या टॉवरच्या पार्किंगची भिंत. दिवसासुद्धा ट्यूबलाइट लावावी लागायची. राजाराम त्या खिडकीशी बसून पेपर वाचायचा. त्याला कधीकधी वाटायचं की आपण कुणाच्या तरी घरी राहायला आलोय आणि न्यायला येणारं माणूस विसरून गेलंय.

भूक मात्र त्याला लागायची, चांगली सणसणून लागायची. संध्याकाळी सुटल्यावर तो यार्डाच्या गेटाबाहेरच्या गाडीवर उभा राहून वडापाव खायचा, एकावर एक, कुणी ओळखीचं दिसत नाही ना हे बघत. मग घरी येऊन रुपालीसमोर पुन्हा "नको, भरलं." वय वाढलं तशी शुगर निघाली. आधी गोळ्या, मग इन्सुलिन. रात्री जेवणाआधी अर्धा तास पोटाला सुई टोचायची, आणि टोचली की जेवायचंच, डॉक्टरांनी बजावलं होतं. वडापाव सुटला. साखर एकदम उतरली तर चघळायला शर्टाच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या आल्या.

या माणसाच्या मुलीचं लग्न ठरलं.

अपेक्षा एका जाहिरात कंपनीत होती. मुलगा तिच्याच ऑफिसातला, शंतनु कारखानीस, राहणारा दादरचा. वडील विकास कारखानीस कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले, आई नीलिमा चित्रं काढायची. माणसं साधी होती, बोलायला मऊ होती, आणि त्यांच्यापुढे राजारामला आपले हात कुठे ठेवावेत ते कळायचं नाही. बैठकीआधी दोन्ही घरांनी एकदा निवांत भेटावं म्हणून शंतनुने सगळ्यांना जेवायला बोलावलं. परळला जुन्या गिरणीच्या आवारात एक रेस्टॉरंट निघालं होतं, तिथे.

"पप्पा, तिथे टेस्टिंग मेनू असतो," अपेक्षाने आदल्या दिवशी सांगितलं. "आपण काही ऑर्डर करायचं नाही. ते आणत राहतात, आपण खात राहायचं."

"मग बरंच आहे," राजाराम म्हणाला. मागावं लागणार नाही, एवढंच त्याला त्यातलं कळलं.

निघायच्या आधी त्याने घरीच सुई टोचून घेतली. परक्या हॉटेलच्या बाथरूममध्ये शर्ट वर करून उभं राहणं त्याला नको वाटलं. शिवाय परळ म्हणजे दोन पावलांवर, गेलं की जेवण. अपेक्षाने आणलेला नवा कुर्ता घातला. त्याला वरचा खिसा नव्हता, आणि लिमलेटच्या गोळ्या दाराच्या खिळ्यावर टांगलेल्या शर्टात राहिल्या.

तिथे पोचल्यावर आधी बराच वेळ बाहेरच्या खोलीत बसवलं. बारीक उंच ग्लासांतून काहीतरी आंबटसर दिलं. मग आत नेलं. गिरणीचं छप्पर तसंच ठेवलं होतं, ते पेलणाऱ्या लोखंडी कैच्या, वर काचा. टेबल भिंतीला लावलेलं. राजारामला मान म्हणून सगळ्यात आत, कोपऱ्यातल्या गादीवर बसवलं. त्याच्या शेजारी विकासराव, पलीकडे शंतनु. समोर नीलिमाताई, मग अपेक्षा, आणि रुपाली पार दुसऱ्या टोकाला. बाहेर पडायचं तर दोघांना उठवल्याशिवाय वाट नव्हती.

काळ्या कपड्यातल्या वेटरने पहिला पदार्थ आणला. प्रत्येकापुढे एक काळा दगड, आणि दगडावर मध्यभागी सुपारीएवढं काहीतरी. टेबलावर मराठी चाललंय हे ऐकून तो मराठीतच सांगू लागला. हे बीट आहे, भाजलेलं, त्यात बकरीच्या दुधाचं चीज, वर कोकमाची पूड. "एका घासात घ्या, प्लीज."

राजारामने घेतलं. चांगलं लागलं. गिळेपर्यंत संपलंही. त्याने दगडाकडे पाहिलं आणि जेवण यायची वाट बघू लागला.

बऱ्याच वेळाने दुसरं आलं, टोमॅटोची पारदर्शक चकती. मग तिसरा, रावस. अंगठ्याएवढा तुकडा, कातडी कुरकुरीत, खाली हिरव्या मिरचीचा आणि खोबऱ्याचा पातळ रस. तो घास तोंडात गेला आणि राजारामचे डोळे मिटले. जन्मभर मासे खाल्लेल्या माणसाने असा रावस खाल्ला नव्हता. दुसऱ्या घासासाठी त्याचा चमचा ताटलीत गेला, आणि खणकन रिकाम्या चिनीमातीवर वाजला.

"काय चव आहे ना?" नीलिमाताई म्हणाल्या. "इथे पोट भरायला नाहीच यायचं. एकेका घासाजवळ थांबायचं. आणि गंमत म्हणजे शेवटी पोट भरतंच."

"हो ना," राजाराम म्हणाला. त्यांचं खोटं नव्हतं. त्या खरोखर प्रत्येक घासाजवळ थांबत होत्या आणि त्यांचा चेहरा तृप्त होत चालला होता. त्यांनी पोटात सुई टोचून घेतलेली नव्हती, एवढंच.

चौथ्या पदार्थाची वाट बघताना त्याच्या मानेला घाम फुटला. आधी वाटलं, वरच्या दिव्याची गरमी असेल. मग ओठांना मुंग्या आल्या आणि त्याने ओळखलं. हात आपोआप छातीकडे गेला. तिथे खिसा नव्हता.

विकासराव शिवाजी पार्कच्या जुन्या क्रिकेटबद्दल सांगत होते. राजाराम मान हलवत होता आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. आता येईल. काहीतरी येईल, पाव येईल, भात येईल. वाटी आली. वाटीत चहाच्या रंगाचं स्वच्छ पाणी आणि त्यावर कसलंतरी एक पान. "सहा तास उकळलेला मशरूमचा अर्क," वेटर म्हणाला. राजारामने तो एका दमात पिऊन टाकला. पोटात ऊन पाणी गेलं, बाकी काही नाही.

त्याने रुपालीकडे पाहिलं. ती मधल्या फुलदाणीच्या पलीकडे वाकून शंतनुला काहीतरी सांगत हसत होती. कितीतरी महिन्यांनी ती अशी मोकळी हसत होती. हाक मारायची म्हणजे सगळं टेबल गप्प होणार. साखर द्या म्हणायचं म्हणजे आजार सांगावा लागणार, सुई सांगावी लागणार, मग भूक. मुलीच्या सासरच्यांनी प्रेमाने बोलावलेल्या जेवणात बसून म्हणायचं, की मला भूक लागलीय? त्याने पाण्याचा ग्लास उचलला. पाणी काठावर हिंदकळलं. त्याने तो दोन्ही हातांनी खाली ठेवला. बाहेर जावं, गल्लीत कुठेतरी चहा मिळेल, असं मनात आलं. पण शेजारी विकासरावांचा गुडघा, पुढे टेबलाचा लोखंडी पाय, मागे भिंत. दोघांना उठवायला कुठलं कारण सांगायचं तेही त्याला सुचेना.

तेवढ्यात वेटर त्याच्यापाशी वाकला. पोराची नजर चांगली असावी, किंवा राजारामचा चेहराच तसा झाला असेल. "सर, ठीक आहे ना सगळं? तुमच्यासाठी अजून काही आणू का?"

एवढं सोपं होतं ते. समोर माणूस उभा होता, विचारत होता. राजारामने तोंड उघडलं, आणि त्याच्या कानांनी त्याचाच आवाज ऐकला.

"नको नको. भरलं पोट."

हात टेबलावर आडवा झालेला होता. वेटर हसून मागे गेला. राजाराम त्या हाताकडे बघत राहिला. तो दुसऱ्या कुणाचातरी असावा तसा.

पाचवा पदार्थ आला तो त्याला नीट दिसलाच नाही. ताटलीच्या कडा वितळल्यासारख्या झाल्या होत्या. विकासरावांनी काहीतरी विचारलं, त्याने उत्तर दिलं, पण शब्द एकमेकांना चिकटून बाहेर पडले. चमचा हातातून सुटला, ताटलीवर आपटून खाली गेला. नीलिमाताईंनी आधी त्याच्याकडे आणि मग जेवणाबरोबर त्याच्यापुढे ठेवलेल्या वाइनच्या ग्लासाकडे पाहिलं. वाइन त्यात तशीच होती, त्याने ओठही लावला नव्हता. तरी त्या अपेक्षाकडे झुकून हळूच म्हणाल्या, "बाबांना जरा जास्त झालंय का गं?"

अपेक्षाचा चेहरा पडला. "पप्पा," ती दात आवळून म्हणाली, "काय करताय? नीट बसा ना."

हे त्याला लांबून, विहिरीच्या काठावरून कुणी बोलावं तसं ऐकू आलं. राग आला. कुणाचा ते कळलं नाही. टेबलाचा, त्या काळ्या दगडाचा, पाण्यात तरंगणाऱ्या पानाचा. त्याने दोन्ही तळवे टेबलावर मारले. ताटल्या उडाल्या.

"माका भूक लागली हा!"

आवाज छपराच्या कैच्यांपर्यंत गेला. आजूबाजूची टेबलं गप्प झाली. पलीकडच्या कुणाचातरी काटा ताटलीवर टेकल्याचं सुद्धा ऐकू आलं.

लग्नानंतर त्याच्या तोंडून मालवणी रुपालीने क्वचितच ऐकली होती, आणि हे वाक्य तर कुठल्याच भाषेत नाही. तिची खुर्ची मागे पडली. "साखर आणा!" ती ओरडली. "पिलेला नाही तो, शुगर उतरलीय त्याची. साखर आणा आधी!" घाबरल्यावर ती नवऱ्याला एकेरीत बोलली, आणि कुणाचं तिकडे लक्ष गेलं नाही. वेटर बारकडे धावला. त्याने सरबतांसाठी ठेवलेल्या साखरेच्या पाकाची बाटलीच उचलून आणली. विकासराव आणि शंतनु बाजूला झाले. रुपाली गादीवर गुडघा टेकून आत शिरली, त्याची मान धरली आणि पाक ओतलेला ग्लास ओठांना लावला. पाक हनुवटीवरून नव्या कुर्त्यावर ओघळला. त्याने दोन ग्लास घेतले.

थोड्या वेळाने कडा पुन्हा जागच्या जागी आल्या. सगळे उभे राहून त्याच्याकडे बघत होते. अपेक्षा रडत होती. शंतनु म्हणत होता, "सॉरी काका, मी आधी विचारायला हवं होतं." वेटरने चाचरत विचारलं, "स्टाफसाठी केलेला वरणभात आहे आत. चालेल का?"

चालेल का! मोठ्या पांढऱ्या, खोलगट ताटलीत वाफाळता भात आला, वर वरण, कडेला लिंबाची फोड. राजाराम जेवला. बाकीच्यांपुढे सहावा पदार्थ आला, सातवा आला, कारण सुरू झालेलं ते जेवण मध्येच थांबवता येत नाही म्हणे. प्रत्येक वेळी वेटर हळू आवाजात माहिती सांगे आणि सगळे माना डोलावत. कोपऱ्यात राजाराम भात खात होता, आणि आपल्या चावण्याचा आवाज सगळ्यांना ऐकू जातोय असं त्याला वाटत होतं. निघताना विकासरावांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "आम्हाला सांगायचं ना, राजारामराव," ते म्हणाले, मनापासून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी तिने ताट मांडलं, भाताचं पातेलं जवळ ओढलं, डाव हातात घेतला आणि वाढलंच नाही.

"किती हवाय ते सांगा."

"वाढ ना नेहमीसारखा."

"नेहमीसारखा म्हणजे किती? मला काय माहीत?" तिचा आवाज फाटला. "काल तुम्ही सांगितलंत चार लोकांत. माझ्या घरात का नाही सांगितलंत? मी काय भात मोजून ठेवते तुमच्यापासून? इतकी वर्षं मला वाटायचं माझ्या हाताने हा माणूस तृप्त होतो. आणि तुम्ही उपाशी उठत होता."

"उपाशी नाही गं."

"मग? खोटं बोलत होता?"

त्याने वडापावच्या गाडीबद्दल सांगितलं, मान खाली घालून, चोरी सांगावी तसं. मग पुतळामावशीबद्दल, टोपलीवरच्या हाताबद्दल. अपेक्षा आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि ऐकत राहिली. रुपालीने डोळे पुसले, पण डाव खाली ठेवला नाही.

"सांगा आता. किती?"

राजारामने रिकाम्या ताटाकडे पाहिलं. त्याला खरोखर सांगता येईना. आपल्याला किती लागतं हे त्याने कधी बघितलंच नव्हतं, हात आडवा व्हायचा तो पोटाला न विचारताच. "वाढत राहा," तो शेवटी म्हणाला, "मी सांगतो." ती वाढत गेली. ढीग झाला. तो बस म्हणेना, आणि तिने आपणच थांबून पातेलं बाजूला केलं. त्याला तो भात संपला नाही. ती चिडली, मग हसली, मग पुन्हा चिडली. असे पुढे बरेच रविवार गेले. कधी जास्त व्हायचं, कधी कमी.

लग्नाच्या जेवणाचं ठरवायला विकासरावांचा फोन आला. राजाराम नेहमीप्रमाणे "तुम्ही ठरवाल ते" म्हणणार होता. रुपाली समोर बसून गवार मोडत होती, तिने वर पाहिलं.

"पंगत ठेवता आली तर बघा," तो म्हणाला. "वाढपी फिरतील अशी."

पलीकडे विकासराव फार अजिजीने म्हणाले की दादरच्या त्या हॉलचा केटरर फक्त बुफेच करतो, जागाही तशी नाही. "बरं," राजाराम म्हणाला. त्याने फोन ठेवला. मागितलं होतं आणि मिळालं नव्हतं. एवढंच झालं होतं. गवारीचा ढीग तसाच होता, समोरच्या पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

लग्न व्यवस्थित पार पडलं. त्या रात्रीची गोष्ट मात्र कारखानीसांकडे सगळ्या नातेवाइकांत पोचली होती. जो येईल तो विचारी, "जेवलात ना? वेळेवर खाताय ना?" कुणी हातात लाडू कोंबे, कुणी लाडू काढून घेई. जेवणाच्या वेळी राजाराम रांगेत उभा राहिला तर दोघांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. "वधूचे वडील, तुम्ही कशाला रांगेत?" त्याला एका खुर्चीवर बसवलं, पुढे टीपॉय ओढलं, आणि नीलिमाताई स्वतः त्याच्यासाठी ताट घेऊन आल्या. काकडीच्या चकत्या, उकडलेले मूग आणि एक पोळी.

"शुगर आहे ना तुम्हाला," त्या म्हणाल्या. "मी मुद्दाम बाजूला काढून ठेवलं होतं."

भोवती माणसं होती, सगळी त्याच्या ताटाकडे बघत होती. खुर्ची हॉलच्या खांबाला टेकलेली होती. त्याला त्यांचं मन मोडवत नव्हतं. त्याने पोळीचा तुकडा मोडला, मग पुन्हा ताटात ठेवला.

"नीलिमाताई, भात हवाय मला."

"थोडासा आणू?"

"नाही," राजाराम म्हणाला. त्याचे कान तापले होते. "मसालेभात आहे ना, तो. नीट वाढून आणा."

त्या पदर खोचून रांगेच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. रांग लांबलचक होती.